औषध जाते कोठे?

डोके दुखू लागले म्हणजे आपण एक गोळी घोटभर पाण्याबरोबर गिळतो आणि अर्ध्या-पाऊण तासात बरे वाटू लागते. गोळी घेतली डोक्यासाठी. परंतु डोक्याची वाट तिला कोणी दाखविली? वास्तविक कोणीच नाही. पोटातून रक्तात उतरलेले औषध रक्ताबरोबर सर्व देहभर हिंडते. ते मेंदूत जाते, गुडघ्यात जाते, यकृतात जाते, मूत्रपिंडात जाते. जेथे त्याचे काम असते तेथे ते पोचते आणि जेथे त्याचे काहीएक काम नसते तेथेही पोचते. औषधाचा गुण आणि औषधाचा अपाय हे दोन्ही अखेर एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: ते गेले कोठे, आणि तेथे गेल्यावर त्याचे काय झाले?

प्रश्न इतका साधा की घरातील एखादे चौकस मूलही तो विचारील. त्याचे उत्तर डोळ्यांना दिसेल अशा रीतीने मिळण्यास मात्र विसावे शतक जवळजवळ संपावे लागले. ते उत्तर कसे मिळाले आणि त्यातून आपल्या घरच्या औषधांच्या डब्याविषयी काय कळते, हा या महिन्याच्या सदराचा विषय आहे.

वाटलेले ताट

औषध शरीरात किती आहे हे पाहण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे रक्त तपासणे. परंतु रक्त हा रस्ता आहे, मुक्काम नव्हे. रस्त्यावर किती माणसे आहेत हे मोजून कोणाच्या घरी किती पाहुणे उतरले आहेत हे सांगता येत नाही. म्हणून संशोधक प्रयोगशाळेतील प्राण्याच्या यकृताचा किंवा मेंदूचा तुकडा घेत, तो बारीक वाटीत आणि त्या लगद्यात औषध किती आहे ते मोजीत. ही पद्धत आजही प्रचारात आहे आणि तिचे आकडे विश्वसनीय असतात. पण तिच्यात एक मोठी उणीव आहे.

एखादे सणाचे ताट डोळ्यांपुढे आणा. मीठ, लिंबू, कोशिंबीर, चटणी, भाजी, वरणभात, पुरणपोळी. हे सारे ताट कोणी पाट्यावर घेऊन बारीक वाटले आणि त्या गोळ्याची परीक्षा करून सांगितले की यात इतके मीठ आणि इतका गूळ आहे, तर ते सांगणे खोटे नव्हे. परंतु कोशिंबीर खारट झाली होती की वरण अळणी राहिले होते, हे त्या गोळ्यावरून कोणाला कळणार? शरीराच्या बाबतीतही तसेच. सबंध यकृतात औषध बेताचे असेल, आणि तरीही त्यातील एका चिमुकल्या पट्ट्यात ते साचून तेवढ्या पेशी जळून जात असतील. सरासरी निर्धोक दिसते आणि घात एका कोपऱ्यात होतो.

ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग स्वीडनमधील स्वेन उल्बर्ग यांनी १९५४ साली दाखविला. औषधाच्या रेणूत एक किरणोत्सर्गी अणू गुंफावयाचा, ते औषध प्राण्याला द्यावयाचे, मग गोठविलेल्या देहाचा पातळ काप काढून तो छायाचित्राच्या फिल्मवर ठेवावयाचा. जेथे किरणोत्सर्गी अणू असेल तेथे फिल्म काळी पडते. औषधांच्या कारखान्यांनी ही पद्धत पुढे अनेक दशके वापरली. पण तिलाही एक मर्यादा होती. फिल्मवर दिसतो तो किरणोत्सर्गी अणू. तो ज्या रेणूत आहे तो रेणू नव्हे. शरीर औषधाला आहे तसे राहू देत नाही. ते त्याचे तुकडे करते, त्याला दुसरे काही जोडते, त्याचे रूप पालटते. यालाच आपण चयापचय म्हणतो. मूळ औषध निरुपद्रवी आणि त्याचे पालटलेले रूप विषारी, किंवा याच्या उलट, असे पुष्कळदा घडते. फिल्मवरचा काळा डाग या दोहोंत भेद करू शकत नाही. कपाळावरचा टिळा दिसावा आणि चेहरा मात्र दिसू नये, अशी ती गत होती.

रेणूंचा तराजू

चेहरा ओळखण्याची युक्ती पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्याच दालनात तयार होत होती. प्रत्येक रेणूला स्वतःचे वजन असते आणि ते वजन पुरेशा काटेकोरपणे मोजता आले तर बहुधा रेणूची ओळख पटते. रेणू तराजूत घालता येत नाही हे खरे. पण त्याला विद्युत्भार दिला तर तो विद्युत्क्षेत्रात धावू लागतो. सारखीच ढकल दिली असता हलका रेणू आधी पोचतो आणि जड रेणू मागाहून. जत्रेच्या वाटेवर कडेवर मूल घेतलेली बाई आणि मोकळ्या हातांनी चाललेला मुलगा यांत आधी कोण पोचेल हे सांगावयास नको. पोचण्याची वेळ मोजली की वजन कळते.

या विद्येचा पाया केंब्रिज येथे जे. जे. थॉमसन यांनी घातला. निऑन वायूचे २० आणि २२ अशा दोन वजनांचे अणू असतात हे १९१३ च्या सुमारास त्यांच्याच प्रयोगांतून पुढे आले. त्यांचे सहकारी एफ. डब्ल्यू. ॲस्टन यांनी १९१९ साली हे उपकरण पुष्कळ सुधारले आणि १९२२ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्राला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. आपण त्याला रेणूंचा तराजू म्हणू.

तराजू सिद्ध झाला, पण सजीवांच्या शरीरातील मोठे रेणू त्यावर चढेनात. विद्युत्भार देऊन त्यांना हवेत उडवावयाचे म्हणजे उष्णता द्यावी लागे आणि उष्णतेने ते मोडून पडत. पापड भाजावयाचा, पण करपू द्यावयाचा नाही, अशातला हा पेच होता. तो १९८० नंतरच्या दशकात सुटला. जर्मनीत मिखाएल काराश आणि फ्रान्झ हिलेनकाम्प यांनी असे दाखविले की रेणू एका विशिष्ट स्फटिकी पदार्थात मिसळून त्यावर लेसर किरणाचा क्षणिक झोत टाकला, तर तो पदार्थ प्रकाशाची ऊर्जा स्वतः झेलतो आणि नाजूक रेणूला अखंड वर उचलून देतो. त्याच सुमारास जपानमध्ये क्योटो येथील शिमाझू कंपनीत कोइची तानाका नावाचे एक तरुण अभियंता याच प्रश्नावर काम करीत होते. एके दिवशी त्यांनी कोबाल्ट धातूच्या अतिसूक्ष्म भुकटीत चुकून ग्लिसरीन मिसळले. भुकटी महाग, फेकून देणे त्यांच्या जिवावर आले. म्हणून त्यांनी ते मिश्रण तसेच यंत्रात ठेवले, आणि आजवर न दिसलेला मोठा रेणू अखंड उडताना त्यांना दिसला. डॉक्टरेटची पदवी नसलेल्या या अभियंत्याला २००२ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

यापुढचे पाऊल अमेरिकेतील रिचर्ड कॅप्रिओली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली टाकले. त्यांनी विचार केला की रेणू बाहेर काढून तपासण्याऐवजी ऊतकाच्या कापावरच, म्हणजे पेशींचे जाळे जागच्या जागी असतानाच, लेसर का फिरवू नये?

ठिपक्यांची रांगोळी

ही पद्धत समजण्यास आपल्या भगिनीवाचकांना मुळीच कठीण जाऊ नये. कारण तिचे तत्त्व ठिपक्यांच्या रांगोळीचे आहे.

प्रथम यकृताचा, मेंदूचा किंवा फुप्फुसाचा तुकडा गोठवून त्याचा दहा-बारा मायक्रॉन जाडीचा काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारणतः सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून हा काप किती पातळ असेल याची कल्पना यावी. तो काचपट्टीवर पसरून त्यावर वर सांगितलेल्या स्फटिकी पदार्थाचा बारीक फवारा देतात. मग लेसरचा झोत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओळीने, ठिपक्याठिपक्याने टाकीत जातात. दोन ठिपक्यांतील अंतर दहा ते शंभर मायक्रॉन असते. प्रत्येक ठिपक्यातून जे रेणू उडतात त्यांची वजने तराजू नोंदवून घेतो. एकेका ठिपक्यापाशी शेकडो वजनांची यादी तयार होते आणि एका कापावर असे हजारो ठिपके असतात.

एवढे झाल्यावर संगणकाला सांगावयाचे की अमुक वजनाचा रेणू ज्या ज्या ठिपक्यात सापडला तेथे रंग भर. तो भरतो, आणि औषधाचा नकाशा पडद्यावर उमटतो. मग दुसरे वजन सांगावे: औषधाच्या पालटलेल्या रूपाचा नकाशा उमटतो. तिसरे वजन सांगावे: त्या ठिकाणच्या स्निग्ध पदार्थांचा नकाशा. काप एकच, नकाशे शेकडो. औषधावर आधी कसलीही खूण करावी लागत नाही. टिळा नको, चेहराच दिसतो.

२००६ साली कॅप्रिओली यांच्या प्रयोगशाळेने सबंध उंदराच्या देहाचा उभा काप घेऊन ओलान्झापिन या मानसिक विकारांवरील औषधाचे असे नकाशे प्रसिद्ध केले. औषध दिल्यानंतर दोन तासांनी एक आणि सहा तासांनी एक, असे देह तपासले होते. मूळ औषध कोठे आहे, त्याची दोन पालटलेली रूपे यकृतात आणि मूत्राशयात कशी दिसतात, हे एकाच कापावर वेगवेगळे पाहता आले. औषधाचा प्रवास प्रथमच त्याच्या वेषांतरासह दिसला.

घरच्या डब्यातील एक गोळी

आता आपल्या घरच्या डब्याकडे वळू. त्यात पॅरासिटामॉल नसेल असे घर विरळाच. या औषधाच्या उदाहरणाने वजनाचे गणित आणि जागेचे महत्त्व ही दोन्ही स्पष्ट होतात.

पॅरासिटामॉलचा रेणुभार १५१. यकृतात आल्यावर त्यातील बहुतेक भागाला शरीर एक जोड देते. एका जातीची शर्कराम्लाची जोड दिली की वजन १७६ ने वाढून ३२७ होते. सल्फेटाची जोड दिली की ८० ने वाढून २३१ होते. ही दोन्ही रूपे निरुपद्रवी असून लघवीवाटे निघून जातात. मात्र थोडा भाग, शेकडा पाच ते दहा, वेगळ्या वाटेने जातो. त्याचे दोन हायड्रोजन अणू काढून घेतले जातात आणि १४९ वजनाचा एक अत्यंत तापट रेणू निर्माण होतो. तो जवळच्या प्रथिनांना चिकटून पेशी मारू शकतो. पण यकृताजवळ ग्लुटाथायोन नावाचा रक्षक असतो. त्याचे वजन ३०७. तो त्या तापट रेणूला मिठी मारून शांत करतो आणि ४५६ वजनाचा निरुपद्रवी जोडरेणू तयार होतो. तापट रेणू स्वतः फार अल्पायुषी असल्यामुळे हाती लागणे कठीण. पण तराजूवर ४५६ दिसले की तो तेथे जन्मला होता आणि आवरला गेला, हे समजते.

गोळ्या प्रमाणात घेतल्या तर रक्षक पुरून उरतो. प्रमाण सुटले की रक्षकांचा साठा संपतो, आणि मग तो तापट रेणू मोकळा सुटतो. येथेच जागेचा प्रश्न येतो. यकृत हे लहान लहान षट्कोनी खंडांचे बनलेले असते. खंडाच्या कडेने रक्त आत येते आणि मधल्या शिरेतून बाहेर जाते. त्या मधल्या शिरेभोवतीच्या पेशींत तापट रेणू बनविणारी यंत्रणा अधिक असते आणि रक्षक तुलनेने कमी. म्हणून अतिमात्रेनंतर यकृत सरसकट मरत नाही. प्रत्येक खंडाचा मध्य आधी मरतो. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृताचा असा नाश होतो ही गोष्ट १९६६ साली स्कॉटलंडमधील वैद्यांनी नोंदविली. त्याची रासायनिक कारणमीमांसा १९७३ साली अमेरिकेतील संशोधकांनी मांडली. त्यांच्याजवळ हा नकाशा नव्हता. ऊतकाचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे आणि रसायनाचे मोजमाप वेगळे करावयाचे, आणि या दोहोंचा मेळ बुद्धीने घालावयाचा, असे त्यांना करावे लागले. आज औषध, रक्षक आणि जोडरेणू यांच्या जागा एकाच कापावर शेजारीशेजारी पाहण्याची सोय झाली आहे. तर्काला नजरेची जोड मिळाली.

यातील गृहोपयोगी गोष्ट सांगणे आवश्यक आहे. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी दिवसभरातील कमाल मर्यादा चार ग्रॅम, म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, अशी मानली जाते. मद्यपान करणाऱ्यांसाठी, अशक्तांसाठी आणि यकृताच्या रुग्णांसाठी ती याहून कमी असते. मुलांची मात्रा त्यांच्या वजनावर ठरते. सर्दीपडशाच्या अनेक मिश्रगोळ्यांतही पॅरासिटामॉल असतेच. तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, अंगदुखीची वेगळी, असे समजून तिन्ही घेणारा मनुष्य नकळत एकच औषध तिप्पट घेत असतो. आणखी एक गोष्ट अधिक महत्त्वाची. अतिमात्रा झाल्यावर पहिल्या दिवशी थोड्या मळमळीपलीकडे काही जाणवत नाही. यकृताचा नाश दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडकीस येतो. यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. तो रक्षकांचा साठा पुन्हा भरून काढतो, आणि आठ तासांच्या आत मिळाला तर जवळजवळ निश्चित गुण देतो. म्हणून कोणी जादा गोळ्या घेतल्याचे कळताच, ती व्यक्ती चांगली हिंडतफिरत असली तरीही, तिला ताबडतोब रुग्णालयात नेले पाहिजे. बरे वाटते आहे ही या बाबतीत खात्री नव्हे.

प्राणी वेगळा, वाट वेगळी

माणसाला देण्यापूर्वी औषध प्राण्यांना देऊन पाहतात, हे आपण जाणतोच. पण प्राण्याचे यकृत आणि मेंदू म्हणजे माणसाचे यकृत आणि मेंदू नव्हेत. एड्सच्या विषाणूवरील फॉसडेव्हिरिन नावाचे एक औषध माणसांवरील चाचणीपर्यंत पोचले होते. काही आठवड्यांच्या उपचारानंतर काही रुग्णांना अनपेक्षितपणे झटके येऊ लागले आणि औषध सोडून द्यावे लागले. कारण शोधताना संशोधकांनी ससा, लहान जातीचे डुक्कर आणि माकड यांच्या मेंदूंच्या कापांचे या पद्धतीने नकाशे काढले. ते २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यातून दिसले ते विचार करावयास लावणारे होते. औषधाचे पालटलेले रूप मेंदूत पोचत होते. पण ते मेंदूच्या कोणत्या भागात मुक्काम करते, हे प्राण्यागणिक वेगळे होते. आणि हे रूप जन्माला आले होते ते त्याच ग्लुटाथायोनच्या जोडणीतून! जो यकृतात रक्षक, त्याच्याच हातून घडलेला पदार्थ मेंदूत संशयित ठरला.

प्राण्याप्राण्यांतील या फरकाची फार मोठी किंमत आपल्या देशाने मोजली आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक माणसे घेतात आणि गुरांनाही देत असत. त्या गुरांचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे मात्र ते सहन करू शकली नाहीत. भारतीय उपखंडातील गिधाडांच्या तीन जाती १९९० नंतरच्या काही वर्षांत शेकडा नव्वदाहून अधिक नष्ट झाल्या. कारण उमगले २००४ साली, पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या मूत्रपिंडांच्या तपासणीतून. आणि भारताने २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. एकाचे औषध दुसऱ्याचे विष होते, ते असे. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या माळांवर एके काळी दिसणारे गिधाडांचे थवे ज्यांना आठवतात, त्यांना याचा अर्थ अधिक सांगावयास नको.

गाठीच्या आत

आता आपल्या देशाला सर्वांत जवळच्या रोगाकडे येऊ. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत. क्षयाचे औषध सहा महिने का घ्यावे लागते, हा प्रश्न प्रत्येक रुग्णाच्या घरी विचारला जातो. तापाला चार दिवस पुरतात, न्यूमोनियाला आठवडा पुरतो. मग यालाच एवढा काळ का?

क्षयाच्या जंतूंना शरीर फुप्फुसात गाठीत कोंडून टाकते. गाठीच्या कडेला पेशींची तटबंदी असते आणि मध्यभागी मेलेल्या पेशींचा, दह्याच्या चक्क्यासारखा घट्ट, पांढुरका गोळा. त्या गोळ्यात रक्तवाहिनी नाही. रक्तातील औषध तटबंदीपर्यंत येते. पुढे त्याला स्वतःच झिरपत जावे लागते. आणि चिवट, सुप्त जंतू नेमके त्या चक्क्यात दडून असतात. तेव्हा खरा प्रश्न रक्तात औषध किती, हा नसून चक्क्यात कोणते औषध पोचते, हा आहे.

अमेरिकेतील व्हेरोनिक डार्तवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रश्न सरळ नकाशाला विचारला. उपचाराचा भाग म्हणून ज्यांच्या फुप्फुसाचा रोगट भाग शस्त्रक्रियेने काढावयाचाच होता, अशा दक्षिण कोरियातील रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी ठरावीक वेळी औषधे देण्यात आली आणि काढलेल्या भागातील गाठींचे काप लेसरखाली ठेवण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या नकाशांत असे दिसले की पायराझिनामाइड चक्क्यात चांगले झिरपते. रिफॅम्पिसिन हळूहळू, मात्रेमागून मात्रा देत गेल्यावर, तेथे साचत जाते. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन मात्र तटबंदीच्या पेशींतच भरपूर अडकून राहते आणि चक्क्यात जेमतेम उतरते.

या चित्राने एका निराशेचा अर्थ उलगडण्यास मदत झाली. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आणि त्याच्या जातीच्या औषधांच्या साह्याने उपचार चार महिन्यांवर आणता येतील, या आशेने केलेल्या तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१४ साली लागले होते. परीक्षानळीत जंतू उत्तम रीतीने मरत. रुग्णांत चार महिने पुरले नाहीत. परीक्षानळीला गाठ नसते. मात्र प्रयत्न तेथे थांबले नाहीत. रिफॅपेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही अन्य दोन औषधांसह देऊन चार महिन्यांत तितकाच गुण येतो, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले.

या नकाशांचा अर्थ रुग्णाच्या घरी कळला पाहिजे. चार औषधे एकत्र देतात, कारण प्रत्येकाची पोच वेगळी आहे. एक तटबंदीत लढते, दुसरे आतल्या चक्क्यात. मध्येच एखादे वगळले तर गाठीचा एखादा भाग असा राहतो की जेथे एकच औषध पोचलेले असते, आणि जंतू त्या एका औषधाला निर्ढावतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, भूक लागते, आणि रुग्णाला वाटते की आता पुरे. पण त्याला बरे वाटते ते मोकळ्या जागेतील जंतू मेल्यामुळे. चक्क्यातील जंतूंची गोष्ट अजून संपलेली नसते. क्षयाचे उपचार घरी राहूनही आरोग्यधामाइतकेच यशस्वी होतात, हे १९५९ साली मद्रास येथील केंद्राने जगाला दाखवून दिले. त्या घरगुती उपचाराचा सगळा भार मात्र घरच्या माणसांनी रोज आठवणीने पुढे केलेल्या गोळ्यांवर आहे.

नकाशाच्या मर्यादा

कोणत्याही नव्या साधनाची स्तुती करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. या पद्धतीला ऊतकाचा काप लागतो. जिवंत माणसाच्या आत ती डोकावू शकत नाही. सर्वच रेणू सारख्याच सहजतेने उडत नाहीत; काही मुळीच उडत नाहीत. गर्दीच्या ठिकाणी एका रेणूमुळे दुसऱ्याचा आवाज दबतो, त्यामुळे रंगाच्या गडदपणावरून प्रमाण सांगताना फार सावध राहावे लागते. एकाच वजनाचे दोन भिन्न रेणूही असतात, आणि त्यांची फारकत करण्यास आणखी कसोट्या लागतात. म्हणून जाणते संशोधक वाटलेल्या ताटाचा आकडा आणि रांगोळीचा नकाशा ही दोन्ही शेजारी ठेवतात. एकाने किती ते कळते, दुसऱ्याने कोठे ते कळते.

तरीही वाटचाल वेगाने चालू आहे. २००४ साली अमेरिकेत ग्रॅहॅम कुक्स यांच्या प्रयोगशाळेने विद्युत्भारित द्रवाच्या नुसत्या फवाऱ्याने, उघड्या हवेत, रेणू उचलण्याची रीत काढली. २०१३ मध्ये लंडन येथे झोल्तान ताकाच यांनी शस्त्रक्रियेच्या विद्युत्सुरीतून निघणारा धूर तराजूकडे नेऊन, कापले जाणारे ऊतक कर्करोगाचे आहे की निरोगी, हे काही सेकंदांत सांगण्याची सोय दाखविली. आपल्याकडे हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत मास स्पेक्ट्रोमेट्रीचे काम पुष्कळ वर्षांपासून चालत आले आहे. १९०७ साली बडोद्यात अलेंबिकचा कारखाना निघाल्यापासून औषधनिर्मितीचा धंदाही आपल्या वस्तीच्या गावांना नवा नाही. आपल्या घरांतून रसायनशास्त्र शिकणारी मुले-मुली आहेत. गोळी बनविण्याइतकेच, ती शरीरात कोठे जाते हे पाहण्याचे कामही मोठे आहे, हे त्यांच्या कानावर घालण्यासारखे आहे.

तोवर आपल्यापुरते एवढे करता येईल. डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी बरोबर न्यावी. त्यात काढे, चूर्णे आणि शेजारणीने दिलेली गोळीही लिहावी. यादी पाहून डॉक्टर एखादे औषध खोडतील, एखाद्याची वेळ बदलतील. आणि घरात कोणाचा क्षयाचा उपचार चालू असेल, तर भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोजच्या गोळीची खूण करावी, शेवटच्या दिवसापर्यंत.